चाळणीची दुर्बीण

आमचें देवणी हें गांव कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. बाहेरच्या लोकांना तें ठाऊक असलेंच तर येथील गुरांच्या नामांकित जातीमुळें. आकाशाच्या अभ्यासाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तरीहि आज मी रेडिओ-दुर्बिणीविषयीं बोलण्याचें धाडस करीत आहें, याला कारण माझा एक विद्यार्थी.

कांहीं वर्षांपूर्वीं मी शाळेचीं मुलें घेऊन पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवाजवळच्या खोडद येथें गेलों होतों. तेथील महाकाय रेडिओ-दुर्बीण दर वर्षीं विज्ञानदिनाच्या सुमारास लोकांना पाहावयास मिळते. माळावर उभी असलेली ती प्रचंड तबकडी पाहून मुलें आ वासून राहिलीं; पण एक जण मात्र डोळे बारीक करून म्हणाला, "गुरुजी, ही तर नुसती चाळण आहे. हिच्यांतून आभाळ दिसतंय. लहरी गळून नाहीं का जाणार?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या शिक्षणांत हा प्रश्न कधीं आलाच नव्हता. परत आल्यावर वाचलें, जाणत्यांना विचारलें, आणि अखेर शाळेच्या आवारांत एक लहानशी तबकडी बांधावयास घेतली. ती एकदां मोडली, तेव्हां कोठें उत्तर पुरतें समजलें.

आकाशांतून केवळ प्रकाशच येतो असें नाहीं. आपण हें भाषण ज्या जातीच्या लहरींवर ऐकत आहां, तशाच लहरी सूर्य, आकाशगंगा आणि फार दूरच्या दीर्घिका यांच्याकडून अखंड येत असतात. कार्ल यान्स्की या अमेरिकन अभियंत्यानें १९३३ सालीं हें प्रथम जाहीर केलें. त्यानंतर ग्रोट रेबर या तरुणानें १९३७ सालीं स्वतःच्या खर्चानें, घराच्या आवारांत, लांकूड आणि पत्रा यांची ३१ फुटी तबकडी उभारली. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले, कारण त्यानें फार आंखूड लहरी निवडल्या होत्या. पावणेदोन मीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या लहरीवर येतांच आकाशगंगा 'बोलूं' लागली. तबकडी बांधणाऱ्यानें सर्वांत आधीं ठरवावयाची गोष्ट कोणती, हें रेबरच्या या खटपटीवरून कळतें: आपणांस किती लांबीची लहर धरावयाची आहे? व्यास, आकार, जाळी, खर्च हें सर्व मागाहून येतें.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच आहे. भोंक लहरीच्या लांबीच्या मानानें पुरेसें लहान असेल, तर लहरीला तें भोंक जणूं दिसतच नाहीं; ती तेथून पत्र्यावरून परतावी तशी परतते. प्रकाशाची लहर मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनहि आंखूड, म्हणून तिच्या आरशाला कांच घांसून गुळगुळीत करावी लागते. याउलट हायड्रोजन वायूकडून येणारी प्रसिद्ध लहर २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर लांब. तिला बोटभर भोंकांची जाळीहि आरशासारखीच. पृष्ठभाग सेंटिमीटरभर चुकला तरी तिचें फारसें बिघडत नाहीं.

मग तबकडी एवढी मोठी कशाला? एक तर या लहरी अतिशय क्षीण असतात. पावसाचें पाणी धरावयास पसरट भांडें लागतें, तसेंच हें. दुसरें कारण दृष्टीच्या तीक्ष्णतेचें. खोडदच्या प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. तोंडाचें क्षेत्र काढलें तर सुमारें १६ गुंठे भरतें. एवढी थोरली तबकडी २१ सेंटिमीटरांच्या लहरीनें पाहूं लागली, तरी चंद्रबिंबाच्या जवळजवळ निम्म्याहून बारीक तपशील तिला वेगळा ओळखतां येत नाहीं! आपला साधा डोळा तिच्याहून कितीतरी तीक्ष्ण. म्हणून तेथें एक नव्हे, तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागीं सुमारें किलोमीटरभराच्या चौरसांत, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर. त्यांतील सर्वांत दूरच्या दोहोंमधलें अंतर सुमारें २५ किलोमीटर आहे. सर्वांचे संकेत कांचतंतूंवरून एकत्र आणून जुळवले, कीं त्या २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतक्या बारकाईनें पाहूं शकतात.

आतां आमच्या तबकडीकडे वळूं. व्यास २ मीटर ४० सेंटिमीटर, आणि नाभि, म्हणजे सर्व लहरी जेथें एकवटतात तो बिंदु, तळापासून एक मीटर उंचीवर. वक्र अन्वस्ताचा असावा लागतो. त्याचें गणित नववीच्या मुलालाहि करतां येतें: मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग करा, व नाभीच्या उंचीच्या चौपटीनें भागा. कांठाशीं १२० सेंटिमीटरांवर उंची ३६ भरते, निम्म्या अंतरावर केवळ ९. मुलांनीं शाळेच्या फरशीवर खडूनें वक्र काढला, त्यावर बांबूच्या कांबी वाकवल्या, आणि वर चकचकीत पत्रा ठोकला. पत्रा घ्यावा हा हट्ट माझा. चकचकीत तें चांगलें, अशी माझी समजूत.

वैशाखांत एके दिवशीं दुपारीं वळीव आला. पांच मिनिटांत तबकडी खांबासकट उपटली जाऊन कुंपणापलीकडे पडली. सुदैवानें आवारांत कोणी नव्हतें. मागाहून हिशेब केला. ताशीं ६० किलोमीटरांच्या वाऱ्यांत तेवढ्या पत्र्यावर सुमारें शंभर किलोंचा रेटा येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. मुलांनीं मेहनतीनें केलेलें काम माझ्या अज्ञानामुळें गेलें, याची खंत मला अजून आहे.

डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी खोडदची योजना आंखूं लागले, तेव्हां त्यांच्यापुढेंहि हाच शत्रु उभा होता. १६ गुंठ्यांचा पत्रा वादळांत धरून ठेवावयाचा, तर लोखंड इतकें लागेल कीं तीस तबकड्यांचा विचारच सोडावा लागावा. त्यांनीं काढलेली युक्ति मला भारी सुंदर वाटते. पोलादी नळ्यांच्या सोळा वक्र फांसळ्या मध्यभागाला जोडल्या. फांसळ्यांमध्यें न गंजणाऱ्या पोलादी तारांचे दोर ताणले. आणि त्यांवर अवघ्या अर्ध्या मिलिमीटरांहून किंचित् जाड तारेची जाळी ताणून बांधली. जाळीचा प्रत्येक तुकडा सपाटच असतो. पण असे असंख्य सपाट तुकडे मिळून लहरीला पुरेसा वक्र साधतो. भोंकें मध्याकडे १० मिलिमीटरांचीं, कांठाकडे २० पर्यंत. जाळीच्या शंभर भागांपैकीं सुमारें सात भागच तार आहे. बाकी सर्व मोकळें. वारा निघून जातो, लहर अडकते. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं, म्हणून हें चाललें. थंड देशांत अशा जाळीवर बर्फ साचून ती फाटली असती. परदेशाची नक्कल न करतां आपल्या हवामानाचा असा उपयोग करून घेतला, यांत त्यांची खरी बुद्धि दिसते.

तरीहि फिरणारा भाग सुमारें ८० टनांचा आहे, आणि त्याला तोलण्यास ३४ टनांचें प्रतिवजन लावावें लागलें. वारा ताशीं ४० किलोमीटरांवर गेला, कीं काम थांबवून तबकडीचें तोंड सरळ वर करून ठेवतात. वाटोळें फिरणें आणि खालींवर होणें अशा दोन्ही गति साधाव्या लागतात. उटीला मात्र त्यांनीं १९७० सालीं यांतलीहि एक गति वांचवली होती. तेथील ५३० मीटर लांबीची दुर्बीण त्यांनीं डोंगराच्या अशा उतारावर मांडली, कीं उताराचा कोन तेथील अक्षांशाइतकाच, सुमारें ११ अंश, भरला. म्हणून तिचा आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर झाला, आणि एकाच आंसाभोंवतीं ती फिरवून तारा दिवसभर धरतां येऊं लागला.

जागेसंबंधीं एक गोष्ट शहरांतील श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. खोडद निवडण्यांत तेथील शांततेचा मोठा वाटा होता. आवाजाची नव्हे, लहरींची शांतता. आपले भ्रमणध्वनि, मोटारींच्या ठिणग्या, स्वस्त विजेचीं उपकरणें हीं सर्व आकाशापेक्षां लक्षावधि पटींनीं मोठ्यानें ओरडत असतात.

आम्हीं दुसऱ्या खेपेस कोंबड्यांच्या खुराड्याची, अर्ध्या इंची भोंकांची जाळी आणली. पुण्यास असणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें लहानसा ग्राहक पाठवला. जाळी ताणतांना मुलांचीं बोटें सोलून निघालीं. पुढचा वळीव तिच्यावरूनहि गेला. ती हेलकावली, पण उभी राहिली. एके सकाळीं आम्हीं ती सूर्याकडे वळवली, तेव्हां संगणकाच्या पडद्यावरील रेघ वर चढली. बाजूला वळवतांच उतरली. चाळणीचा प्रश्न विचारणारा तो मुलगा तोंवर दुसऱ्या गांवीं शिकावयास गेला होता. त्याला मीं त्या रेघेचें चित्र टपालानें धाडलें, आणि पाठीमागें लिहिलें: गळाल्या नाहींत.