बॅटरी भरलेली, तरी यंत्र मुके का?

छत्रपती संभाजीनगरात एखाद्या गच्चीवर दोन खांबांमध्ये ताणलेली लांब तार दिसली, तर ती कपडे वाळत घालण्याचीच असेल असे नाही. ती एखाद्या हौशी रेडिओचालकाची, म्हणजे ‘हॅम’ची, एरिअल असू शकेल. सरकारी परवाना घेऊन हे लोक स्वतःच्या केंद्रावरून दूरदूरच्या हॅमशी बोलतात. हा छंद केवळ करमणुकीचा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी तेथून संदेश पोचविण्याचे काम केले.

अशा संकटात वीज गेलेली असते. मग मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर काम भागवावे लागते. आता कल्पना करा: पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण आपण बोलण्यासाठी बटण दाबले की यंत्र बंद पडते! बॅटरी तर भरलेली, मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. मग दोष कोठे?

१०० वॉटचे यंत्र ऐकताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेते, तर बोलताना सुमारे २० अँपिअर. समजा, तारेच्या एका सैल, गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम आहे. ओहमचा नियम आठवा: प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाबातील घट. ऐकताना ही घट ०.१ व्होल्ट; बोलताना मात्र २ व्होल्ट! यंत्राला जेमतेम साडेदहा व्होल्ट मिळतात आणि ते मान टाकते.

म्हणून जाणकार हॅम प्रवाह वाहत असतानाच दाब मोजतो. बटण दाबून आधी बॅटरीच्या टोकांशी, मग यंत्राच्या टोकांशी. बॅटरीशी दाब टिकला आणि यंत्राशी घसरला, तर दोष मधल्या तारेत किंवा जोडात. दोन्हीकडे घसरला, तर बॅटरीच कमजोर. सदोष जोड हाताला गरमही लागतो. आपल्या उदाहरणात तेथे ४० वॉट उष्णता निर्माण होते! उपाय सोपा: जोड घासून घट्ट करायचा, तार जाड व आखूड वापरायची.

घरच्या विजेवर चालणारे उपकरण मात्र कधीही उघडू नका. तुम्ही टॉर्चचा जुना सेल घ्या. त्याचा दाब आधी नुसता मोजा, मग बल्ब पेटवून मोजा. दोन आकड्यांतला फरकच सेलची खरी प्रकृती सांगेल.