डी ड्राइव्हवरच्या पाथरीचा शोध

तालुक्याच्या गावात संगणक आला तो टाइपरायटरची जागा घ्यायला. पाथरीतही तहसील कार्यालयाच्या आसपासच्या दुकानांत त्याचं काम ठरलेलं: अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, लग्नपत्रिका, बॅनर, निवडणुका आल्या की हस्तपत्रकं. २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत माऊस हाताळणारी पोरं गल्लोगल्ली तयार झाली. टाईप करायला सगळे शिकले. टाईप केलेलं पुन्हा शोधायचं कसं, हे मात्र कुठल्याच क्लासनं धड शिकवलं नाही.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मागच्या साली तुमच्याकडंच अर्ज केला होता, तसाच काढून द्या." ऑपरेटर विचारतो, "तारीख सांगा मामा." मामांना तारीख कुठली आठवायला! "सोयाबीन काढणीचा टाईम होता बघा." गंमत अशी की संगणकाच्या सर्चपेक्षा हीच माहिती जास्त कामाला यायची. फोल्डरमधल्या फायली तारखेनं लावायच्या, ऑक्टोबरपर्यंत सरकायचं आणि एकेक उघडून बघायची. आजही अनेक दुकानांत असंच चालतं.

विंडोज एक्सपीच्या सर्चमध्ये एक कुत्रं होतं. ते शेपूट हलवत बसायचं, हार्ड डिस्क कुरकुरायची आणि शेवटी उत्तर यायचं की काही सापडलं नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा फायलींची अनुक्रमणिका आधीच करून ठेवण्याची सोय ठळकपणे पुढं आली. पण ही अनुक्रमणिका मुळात युजरच्या फोल्डरपुरती असायची, म्हणजे सी ड्राइव्हची. आपल्याकडं पहिला धडाच उलटा: "सी ड्राइव्हवर काही ठेवू नको, फॉरमॅट मारला की जाईल." धडा शहाणपणाचाच होता, कारण व्हायरस यायचे आणि फॉरमॅट खरंच मारावा लागायचा. त्यामुळं सगळं काम डी ड्राइव्हवर आणि अनुक्रमणिका सी ड्राइव्हची. त्यात अनुक्रमणिकेचं काम संगणक रिकामा असताना चालतं, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज आहे तोवर मशीनला उसंत कुठली! २०१९ मधल्या विंडोज १० च्या सुधारणेत अख्ख्या संगणकाची अनुक्रमणिका करण्याचा पर्याय आला, पण तो आपण जाऊन निवडावा लागतो.

एवढं करूनही मराठी मजकूर सापडत नाही, आणि खरी मेख इथंच आहे. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वापरून आपण जे टाईप करत होतो, ते पडद्यावर मराठी दिसायचं. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच होती. आयएसएमच्या 'सुरेख' नावाच्या फॉन्टमध्ये 'पाथरी' लिहा आणि त्या अक्षरांचा फॉन्ट बदलून टाइम्स न्यू रोमन करा. आधी महिरपी कंस येतो, मग डोक्यावर तिरका फराटा असलेला मोठा ई दोनदा, एक छोटा एल, पुन्हा तोच ई, ट्रेडमार्कसारखा गोलातला आर, फराट्याचा यू आणि शेवटी फराट्याचा ओ. तीन अक्षरांच्या गावाला आठ खुणा. सर्चच्या चौकटीत युनिकोडमध्ये 'पाथरी' लिहिलं तर ती फाईल कशी सापडणार? संगणकाच्या मते त्या फाईलमध्ये पाथरी नाहीच.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही मिळत होता. तरी दुकानं जुन्या फॉन्टला चिकटून राहिली, यात आळस कमी आणि नाइलाज जास्त. पत्रिका व्हायच्या त्या पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकर शेवटपर्यंत युनिकोड मराठी शिकलाच नाही. उर्दू पत्रिका इनपेजमध्ये होत. त्या फायलींतला मजकूरही विंडोजच्या सर्चला वाचता येत नाही. म्हणजे या बाबतीत दोन्ही भाषांची गत एकच झाली.

सरकारी अर्ज ऑनलाइन गेले तसं युनिकोड अंगवळणी पडलं. पण 'शेतकऱ्यांना' हा शब्द पाहा. यातला ऱ्य एक जण खालच्या नुक्त्याचा ऱ वापरून लिहितो, तर दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढं न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. दिसायला दोन्ही सारखे, आतून वेगळे. एक शोधला तर दुसरा हुकू शकतो. म्हणून शोधताना नुसतं 'शेतक' लिहावं, हे बरं.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि सेवा केंद्रांवर झुंबड उडाली, तेव्हा तर शोधायला शब्दच उरले नाहीत. पावत्यांची नावं नुसते लांबलचक आकडे, आणि सोबतचा सातबारा म्हणजे मोबाईलनं काढलेला फोटो. फोटोतली अक्षरं ओळखणारी सोय नसेल, तर साध्या सर्चला त्यातलं काही कळत नाही.

नाव आठवत असेल तर एव्हरीथिंग नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर डोळे झाकून घ्यावं. एनटीएफएस डिस्क आपल्या सगळ्या फायलींची जी मुख्य यादी ठेवते, तीच ते थेट वाचतं. त्यामुळं दोन-तीन अक्षरं लिहीपर्यंत फाईल समोर येते. मात्र त्याचा मुख्य भर नावावर. फायलीला 'नवीन अर्ज फायनल २' असं नाव दिलेलं असेल तर तेही काय करणार? वर्ष-महिना-दिवस, गाव, आडनाव, काम, या क्रमानं नाव देणाऱ्या ऑपरेटरला कुठलंही सर्च पुरतं.

आणि दुकानातला जुना संगणक भंगारात देणार असाल तर जरा थांबा. नुसत्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन भागणार नाही. त्या ज्या फॉन्टमध्ये आहेत ते फॉन्टही सोबत उतरवून घ्या, आणि मशीन चालू आहे तोवर कामाच्या फायली युनिकोडमध्ये करून ठेवा.