सैनिकाच्या दुखण्याची दाद कोठे?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिरढोण येते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात ते कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याचे कळताच त्यांनी रजा मागितली; ती वेळेवर मिळाली नाही, आणि ते गावी पोहोचले तेव्हा आईने डोळे मिटले होते. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या बंडाची कारणे अनेक होती, हे खरे. पण या प्रसंगातील एक गोष्ट आजही ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या वरिष्ठाकडे अर्ज करावयाचा, त्याच्याच मर्जीवर त्याचा निकाल अवलंबून होता. लष्करी सेवेतील माणसाच्या आजारपणाचा प्रश्न आज निराळ्या रूपाने याच जागी येऊन अडतो.

आपल्यापैकी एखादा शिक्षक वा कारकून आजारी पडला आणि डॉक्टरांविषयी त्याच्या मनात शंका आली, तर तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. फार तर उसनवारी करून मुंबई गाठतो. सैनिकाला ही मुभा नाही. तळावर जे रुग्णालय असेल तेथे, जो वैद्यकीय अधिकारी नेमलेला असेल त्याच्याकडून, सांगितले जातील ते उपचार त्याने घ्यावयाचे असतात. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैन्यदलातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे आणि शिस्तीसाठी तो आवश्यकही आहे. परंतु आज्ञापालनाच्या शपथेत निष्काळजी उपचार मुकाट्याने सोसण्याची शपथ अंतर्भूत नाही. उलट, ज्याला वैद्य निवडण्याचे स्वातंत्र्य नाही त्याच्याबाबत सरकारची जबाबदारी अधिकच जड होते.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. हा आरोप लष्करी डॉक्टरांवर नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, कुलाब्याचे नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय, खडकीचे पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र या संस्थांचे ऋण महाराष्ट्र जाणतो. पण चांगल्या खात्यातही चुका होतात, आणि चूक झाल्यावर काय होते यावरूनच खात्याची पारख होते.

‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात, जुलै २००२ मध्ये, वायुसेनेचा एक जवान सीमेवर आजारी पडला. जम्मूकडील सांबा येथील लष्करी रुग्णालयात त्याला एक बाटली रक्त देण्यात आले. तेथे परवानाप्राप्त रक्तपेढी नव्हती, तज्ज्ञही नेमलेला नव्हता. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. लष्कराच्याच वैद्यकीय मंडळांनी त्याचा संबंध त्या रक्ताशी जोडला. तरीही जुन्या कागदांसाठी त्याला अर्जविनंत्या कराव्या लागल्या, आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. अखेर २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुसेना व भूसेना या दोघांनाही जबाबदार धरले आणि १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. रक्त चढविल्यापासून न्याय मिळेपर्यंत एकवीस वर्षे गेली.

हा निकाल आकाशातून पडलेला नाही. त्याची एक वाट महाराष्ट्रातूनच गेली आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. आपल्या नोकरांच्या चुकीस सरकार जबाबदार नाही, ही भूमिका उच्च न्यायालयात टिकली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९६ मध्ये ती अमान्य केली. त्याआधी १९९५ मध्ये त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले होते की, नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालकाच्या खर्चाने मिळणारे उपचार हे फुकटचे दान नव्हे; असा नोकरही ग्राहकच होय.

या बाबतीत आपण बड्या राष्ट्रांच्या मागे आहोत, असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९५० च्या एका निकालाने सेवेत झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावण्याची बंदी झाली. २०१९ च्या अखेरीस तेथील कायद्यात बदल होऊन लष्करी रुग्णालयातील हलगर्जीपणाबद्दल भरपाई मागण्याची सोय झाली. तीही न्यायालयात नव्हे, संरक्षण खात्याकडेच. ब्रिटनने १९४७ च्या कायद्यातली अशीच अडचण १९८७ मध्ये दूर केली. आपल्याकडे न्यायालयाचे दार उघडे आहे. अडचण आहे ती त्या दारापर्यंत पोहोचण्याची.

आज सैनिकापुढे तीन वाटा आहेत. भूसेनेच्या १९५० च्या कायद्यातील २६ व्या कलमान्वये जवानाला वरिष्ठांकडे रीतसर तक्रार करता येते. तेथे समाधान न झाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे; त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे तंटे तेथे चालतात, आणि भरतीच्या वेळी न नोंदलेले दुखणे सेवेमुळे जडले असे गृहीत धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. तिसरी वाट ग्राहक आयोगाची. तेथे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, विलंबास सबळ कारण दाखवावे लागते. पण सीमेवरच्या जवानाला या वाटा कोण दाखविणार? शिवाय प्रत्येक वाटेवर पहिली मागणी कागदांची असते, आणि कागद असतात ज्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कपाटात!

म्हणून सुधारणेचा आरंभ कागदापासून व्हावा. प्रत्येक जवानाला रुग्णालयातून सोडताना केसपेपरची आणि रक्त दिले असल्यास त्या नोंदीची प्रत, त्याने न मागता, हाती दिली जावी. गंभीर तक्रारीच्या चौकशीत सैन्यदलाबाहेरचा निदान एक तज्ज्ञ डॉक्टर असावा. मुदतीची गणना, इजा जवानाला कळली त्या दिवसापासून व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीने शिस्तीस बाध येत नाही; आपल्या दुखण्याची दखल घेतली जाईल, असा भरवसा असलेला जवान अधिक निश्चिंतपणे लढतो.

थोडे आपणही करू शकतो. उरणजवळ करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे, आणि रायगड जिल्ह्यातील अनेक घरांतली मुले तिन्ही दलांत आहेत. त्यांच्या वृद्ध आईबापांना इंग्रजी पत्रे उमगत नाहीत. अलिबागचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोठे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करावा, कोणता कागद जपून ठेवावा, हे शेजारच्या गुरुजींनी किंवा कचेरीतल्या कारकुनाने सांगितले तरी मोठे काम होईल. शिरढोणच्या एका कारकुनाचा अर्ज वेळेवर निकालात निघाला नाही. त्याच तालुक्यातल्या कारकुनांनी जवानांचे अर्ज वेळेवर मार्गी लावावेत, हे त्यांचे उचित स्मरण ठरेल.