किलोमीटर कोणाचे?

एकच जीपीएस कॉम्प्युटर घरातल्या दोन-तीन सायकलींसाठी वापरता येतो, हे आज कुणाला नवलाचे वाटत नाही. मात्र अंतर मोजणारे हे यंत्र सव्वाशे वर्षांत सायकलीवरून सुटून स्वाराच्या खिशात कसे आले, हे पाहिले की एक प्रश्न उभा राहतो: मोजलेले किलोमीटर सायकलीचे की स्वाराचे? अमेरिकेतल्या कर्टिस वीडर यांच्या १८९५ च्या सायक्लोमीटरपुरते उत्तर सरळ होते. आऱ्याला लावलेली खुंटी दर फेऱ्याला एका दातेरी चक्रीला टोला देई आणि आकडा पुढे सरके. चाकाचा आकार दात्यांच्या गणितातच बसवलेला असल्यामुळे मीटर चाकाच्या मापानुसार विकत घ्यावे लागे. एक सायकल, एक मीटर, एक हिशोब.

१९८० च्या दशकात कॅटआयसारख्या कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक मीटर रूढ झाले, तेव्हा दात्यांची जागा आऱ्यावरच्या चुंबकाने आणि फोर्कवरच्या सेन्सरने घेतली. चाकाचा घेर आता मिलिमीटरमध्ये भरता येऊ लागला, पण तो चुकीचा भरला तर चूक मुकाट्याने वाढत जाई. ७००×२५ टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर, २६×१.९५ चा २०५०. पहिल्याचे माप ठेवून दुसरी सायकल चालवली, तर १०० किलोमीटरचे जवळजवळ १०२.७ दिसतात. २० इंची चाकांच्या घडीच्या सायकलीचा घेर १५१५ च्या आसपास असतो. तिच्यावर तेच माप राहिले तर १०० चे १३९ होतात. काही मीटरांत दोन चाकांची मापे साठवण्याची सोय होती खरी, पण बटण दाबायचे विसरले की आकडा बिघडलाच.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि हातात मावणाऱ्या यंत्राची अचूकता सायकलस्वाराच्या कामाची झाली. पाच-सहा वर्षांत गार्मिनची एज मालिका बाजारात आली. अंतर आता उपग्रहांवरून मोजले जात असल्याने चाक कोणत्या मापाचे आहे याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. एज ५०० मध्ये तीन सायकलींसाठी वेगळी प्रोफाइल्स होती, तर पाव फेरा फिरवून बसणाऱ्या माऊंटमुळे यंत्र एका हँडलवरून दुसऱ्यावर नेणे क्षणाचे काम झाले. हिशोब स्वाराकडे आला तो इथे. वर्षभरात किती किलोमीटर, किती चढ, कोणत्या वेगाने, हे सारे एकाच वहीत जमू लागले. मात्र सायकलीची स्वतःची वही बंद पडू लागली. बेरीज ६००० दाखवत असली तरी एका सायकलीची चेन ५००० आणि दुसरीची १००० चालली असेल, तर ती बेरीज चेन कधी बदलायची हे सांगत नाही.

प्रोफाइल्स हा त्यावरचा इलाज होता, पण निवड हाताने करायची आणि माणूस विसरतो. म्हणूनच २०१४-१५ च्या पिढीपासून यंत्रांनी सायकलींची यादी बाजूला ठेवून सेन्सरांची यादी धरली, हे मला योग्य वळण वाटते. प्रत्येक वायरलेस सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. हबवर बांधलेला सेन्सर त्याच सायकलीवर राहतो, यंत्र त्याला ओळखते, आणि जीपीएसशी ताडून चाकाचा घेरही स्वतःच ठरवू शकते. सायकलीची ओळख अशी माणसाच्या आठवणीवर अवलंबून न राहता सायकलीवरच राहते. शेजारी उभ्या सायकलीचा सेन्सर धक्का लागून जागा झाला तर यंत्र फसू शकते, हे खरे, पण निघताना पडद्यावर एक नजर टाकली की ती चूक सापडते.

यावर कुणी म्हणेल की प्रत्येक सायकलीला स्वस्तातले साधे मीटर लावले तर एवढा खटाटोप कशाला? सायकलीचा हिशोब त्याने नक्कीच भागतो. पण स्वाराच्या वर्षभराच्या सरावाची बेरीज मग हाताने करावी लागते आणि मार्ग, चढ यांची नोंद मुळात होतच नाही. दुसरा आक्षेप अचूकतेचा आहे. ताम्हिणीसारख्या घाटात दाट झाडी आणि उभे कडे उपग्रहांना अडवतात, वळणे आखूड मोजली जातात, आणि घरातल्या ट्रेनरवर तर जीपीएसच्या लेखी सायकल हलतच नाही. हे मान्यच आहे, आणि म्हणूनच चाकावरचा सेन्सर काढून टाकू नये. सेन्सर जोडलेला असेल तर वेग आणि अंतर त्याच्याकडून घेता येते, जीपीएसकडे मार्गाची नोंद राहते.

तेव्हा यंत्र एकच असावे, सेन्सर मात्र प्रत्येक सायकलीला स्वतंत्र असावा, आणि घरी आल्यावर ती फेरी त्या-त्या सायकलीच्या नावावर टाकावी. या शेवटच्या कामाला अर्धे मिनिट लागते. वीडरच्या काळी ते फुकटात होत असे, कारण तेव्हा आकडा सायकलीला सोडून जाऊच शकत नव्हता.