बेअरिंगची गाडी ते गंजगोलाई

लातूर-नांदेडकडं स्केटबोर्ड फार उशिरा आला. त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडं बेअरिंगची गाडी होती. गॅरेजवाल्याच्या मागं लागून तीन जुनी बेअरिंगं मिळवायची, फळीखाली बसवायची आणि उतारावरून सुटायचं. खडखडाट असा, की दुपारी आडवी झालेली अख्खी आळी उठून शिव्या द्यायची. ब्रेक म्हणजे चपलेची टाच. महिन्यात एक जोड जायचा.

गंमत म्हणजे १९५०च्या सुमाराला कॅलिफोर्नियातली पोरंही हेच करत होती. रोलर स्केटची चाकं उपटायची आणि फळीला ठोकायची. त्यांची फळी टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेली. तिथं जपानच्या मोमिजी निशियानं १३व्या वर्षी सुवर्ण जिंकलं. आमची फळी चुलीत गेली.

आता ही फळी बगलेत मारून लोक कुठं कुठं जातात! पॅट्रिक वॉलनर हा चित्रपटकार स्केटरांची टोळी घेऊन कझाकस्तान, किर्गिझस्तान असल्या, सहलवाल्यांच्या यादीत नसलेल्या देशांत हिंडला. बघायला काय? फरशी! सोव्हिएत काळातले ऐसपैस चौक, पुतळ्यांभोवतीचं गुळगुळीत ग्रॅनाइट. राजवाडा मागं राहिला तरी चालेल, पायरी चांगली पाहिजे.

न्यूझीलंडच्या रॉब थॉमसननं तर २००७-०८मध्ये स्वित्झर्लंडहून निघून शांघायपर्यंत स्केटबोर्डवर १२,१५९ किलोमीटर कापले, तेही सोबत गाडी न घेता. म्हणजे लातूर-नांदेडच्या ऐंशीहून जास्त खेपा.

काबूलची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. २००७मध्ये ऑलिव्हर पर्कोविच या ऑस्ट्रेलियनानं तिथं पोरांना फळीवर उभं करायला सुरुवात केली, त्यातून ‘स्केटिस्तान’ ही संस्था झाली. मुलींनी सायकल चालवणं तिथं लोकांना खपत नव्हतं. स्केटबोर्ड मात्र कुणी पाहिलाच नव्हता, मग त्याला मनाई करायचं सुचणार कुणाला? मुली बिनबोभाट फळीवर चढल्या.

आपल्याकडं मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क बांधला. नियम दोनच: शाळा नाही तर फळी नाही, आणि आधी मुली. राजस्थानात खेमपूरला ‘स्केटर गर्ल’ सिनेमासाठी पार्क उभा राहिला आणि शूटिंग संपल्यावर गावालाच राहिला. तो सिनेमा करणाऱ्या मंजरी आणि विनती या बहिणी कुणाच्या लेकी? ‘शोले’तल्या सांबाच्या, म्हणजे मॅक मोहनच्या!

या फळीवाल्या भटक्यांपैकी कुणी मराठवाड्यात उतरलं, तर? नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा संगमरवर बघून त्यांचे पाय शिवशिवतील. पण तिथं चपलासुद्धा बाहेर, चाकांचं कुठलं बोलता! दुसरीकडं बहुतेक शहाबादी फरशी. तिच्या दरजेत ५४ मिलिमीटरचं चाक अडकलं, की फळी मागं आणि स्वार पुढं.

लातूरची गंजगोलाई मात्र जणू त्यांच्यासाठीच आखलेली. १९१७ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. मधोमध गोल दुमजली इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. एकावर सोनं, एकावर चपला, पुढं मिरची, गूळ. एक चक्कर मारली, की सोळा वाटा खुल्या.

फक्त पहाटे पाचला या. दुकानं उघडल्यावर तिथं पायी चालायलाही जागा नसते.