जॉर्ज म्हणजे शेतकरी

रात्रीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी पाटीवर काय लिहायला लावतो? ज्याचे त्याचे नाव. ‘ग’ गणपतीचा मागाहून. आधी आपले नाव.

एकदा वर्गात एका गृहस्थाने विचारले, “गुरुजी, आपल्या नावांना अर्थ असतो. गंगा, तुळसा, गणपत. साहेब लोकांच्या नावांना काही अर्थ असतो का हो?”

असतो तर! जॉर्ज हेच नाव घ्या. हे नाव आपल्याला अगदी परके नाही. पूर्वी रुपयावर जॉर्ज राजाची छाप असे. मुंबईला समुद्रकाठी गेटवे ऑफ इंडिया ही मोठी दगडी कमान आहे. १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज बोटीने तिथे उतरला. त्याची आठवण म्हणून ती बांधली. १९२४ साली ती पुरी झाली.

आता एवढ्या मोठ्या राजाच्या नावाचा अर्थ काय असेल? सिंह? सूर्य? नाही. जॉर्ज म्हणजे शेतकरी!

हे नाव मूळचे ग्रीक भाषेतले. त्या भाषेत ‘गे’ म्हणजे जमीन आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम. जमिनीत काम करणारा तो ‘गेओर्गोस’. त्याचाच पुढे जॉर्ज झाला.

शेतकऱ्याचे नाव राजाला कसे गेले? तेही ऐका. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी रोमच्या फौजेत जॉर्ज नावाचा एक शिपाई होता, असे सांगतात. तो ख्रिस्ती होता. धर्म सोडीना म्हणून त्याला ठार मारले. ख्रिस्ती लोक त्याला संत मानू लागले. त्याने एक अजस्र सर्प मारला, अशी कथाही लोकांनी रचली. पुढे इंग्लंडने त्याला आपला रक्षणकर्ता संत मानले.

तरी पुष्कळ काळ इंग्लंडात मुलांचे हे नाव फारसे ठेवीत नसत. मग १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला. त्याच्यामागून आणखी तीन जॉर्ज राजे झाले. १८३० सालापर्यंत गादीवर जॉर्जच! राजाचे नाव म्हटल्यावर प्रजाही तेच ठेवू लागली. घरोघर जॉर्ज झाले.

पण नावाचेही दिवस असतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव इंग्लंडात फार चाले. पन्नास-साठ वर्षांनी ते मागे पडले. तरुण आईबापांना ते म्हाताऱ्यांचे नाव वाटू लागले. पुढे शतक संपता संपता लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली. आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात ना, तसेच काहीसे. २०१३ साली तिथल्या राजघराण्यात मुलगा झाला. त्याचेही नाव जॉर्ज ठेवले. २०१८ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलग्यांच्या नावांत जॉर्जचा दुसरा नंबर होता.

हेच नाव देशोदेशी वेष पालटून हिंडते. रशियात त्याचे युरी होते. १९६१ साली अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन. तोही अर्थाने शेतकरीच! आपल्या केरळात ख्रिस्ती लोक वर्गीस म्हणतात. वर्गीस कुरियन यांचे नाव दूध घालणाऱ्यांना सांगायला नको. १९४९ साली ते गुजरातेत आणंदला आले. शेतकऱ्यांच्या दूध संघाचे काम त्यांनी उभे केले. १९७० साली देशभर दुधाची मोठी योजना सुरू झाली, तीही त्यांनी चालवली. शेतकऱ्याचे नाव त्यांनी खरे करून दाखवले.

आता या नावाची दुसरी बाजू पाहा. ही गोष्ट अमेरिकेची. तिथे काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवीत. १८६५ साली ती गुलामी कायद्याने संपली. पुढे जॉर्ज पुलमन नावाच्या कारखानदाराने आगगाडीचे झोपायचे डबे काढले. त्या डब्यांत नोकर म्हणून त्याने काळी माणसे ठेवली. बिछाना घालायचा, सामान उचलायचे, बूट पुसायचे. या नोकरांना उतारू काय हाक मारीत? “ए जॉर्ज!” सगळ्यांना एकच हाक. पूर्वी गुलामाला धन्याच्या नावाने ओळखीत, तसेच हे. धनी जॉर्ज, म्हणून नोकरही जॉर्ज. आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव कोणी विचारीत नसे.

१९२६ साली प्रत्येक डब्यात नोकराच्या खऱ्या नावाची चिठ्ठी लावू लागले. तेव्हा मोजदाद झाली. सुमारे १२,००० नोकरांत जॉर्ज नावाचे निघाले फक्त ३६२! बाकीचे इतकी वर्षे दुसऱ्याच्या नावाला ‘ओ’ देत होते.

त्या नोकरांनी १९२५ साली आपली संघटना बांधली होती. फिलिप रँडॉल्फ हे त्यांचे पुढारी. बारा वर्षे ते झगडले. १९३७ साली कंपनीने त्यांच्याशी करार केला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले. आणि मानही मिळाला.

अमेरिकेला हसू नका. मुंबईत घरकामाला येणाऱ्या कोकणातल्या गड्याला लोक सरसकट ‘रामा’ म्हणत. त्याचे नाव कुणी पुसले होते?

तेव्हा मंडळी, नाव उंच की हलके, हे अर्थावर ठरत नाही. शेतकऱ्याचे नाव राजाने घेतले, तेव्हा ते मोठे झाले. तेच नाव नोकरावर लादले, तेव्हा ती शिवी झाली. नाव तेच. हाक मारणाऱ्याचे मन वेगळे.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडे राबणाऱ्या माणसाला त्याचे नाव विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. आणि आता तुम्हाला वाचता येते. आजवर तुम्ही अंगठा उठवलात आणि नाव दुसऱ्याने लिहिले. त्याने लिहिले तेच खरे ठरले. तेव्हा घरी गेल्यावर सातबाराचा उतारा काढा. मुलांचा शाळेचा दाखला काढा. तुमचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, अक्षर न् अक्षर लावून वाचा. कुठे चूक असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी अर्ज करा. अर्जाखाली सही मात्र स्वतः करा.