अकरावा डाग

सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी 22 वर्षं चेकिंग सांभाळतोय. परदेशी गिऱ्हाइकाचा माल निघण्याआधी त्यानं नेमलेला तिसऱ्या कंपनीचा इन्स्पेक्टर येतो. 8,000 टॉवेलांतले 200 तो स्वतः निवडतो. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, स्वीकार्य दोषांच्या 2.5 या पातळीला, मोठे दोष 10 पर्यंत निघाले तर लॉट पास. 11 निघाले की नापास.

भांडण पेटतं ते त्या अकराव्यावर. गेल्या पावसाळ्यात एका टॉवेलच्या किनारीला मसुराएवढा तेलाचा डाग होता. मी म्हणालो, “साहेब, किरकोळ आहे, एका धुण्यात जाईल.” तो म्हणाला, “दादा, दुकानात तो असाच मांडला जाणार.” मी चिडलो. पण केवढा डाग मोठा धरायचा, हे ऑर्डरच्या कागदात कुठंच लिहिलं नव्हतं. लॉट नापास झाला, जहाज चुकलं, फेरतपासणीचा खर्च आमच्यावर आला. आमच्या बायांनी सगळे टॉवेल पुन्हा उलगडले, ट्यूबलाइटखाली धरले, घड्या घातल्या. त्यांचे ते दुखरे खांदे मी विसरलेलो नाही.

वजनावरूनही असाच वाद होतो. सुती कापड हवेतला ओलावा पितं, म्हणून मे महिन्यातल्या कोरड्या गोदामात ते हलकं भरतं. त्यामुळे प्रयोगशाळेत 65 टक्के आर्द्रतेत ठेवून मगच वजन करतात.

आता ऑर्डर घेतानाच डाग पडलेले, फंदा ओढलेले तुकडे दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी पाकिटात बंद करून ठेवतो. वाद झाला की आधी ते पाकीट उघडायचं.